सौ. जयवंता गावंडे यांना ‘ब’ तुकडीतून ‘अ’ तुकडीत आणण्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर १९७७

प्रति,
मा. प्राचार्य,
श्री गोदावरीदेवी कनिष्ठ महाविद्यालय,
नागपूर.

विषय : अकरावीच्या ‘जगाचा इतिहास : प्रगत परिचय’ या अभ्यासक्रमाच्या तुकड्यांची फेररचना होणेबाबत, विशेषतः एका विद्यार्थिनीची.

संदर्भ : दिवाळीपूर्वी आपल्या कक्षात झालेले बोलणे, ज्यावर आपण ‘बघू’ असे म्हणाला होता.

महोदय,

१. मी आपल्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. यंदा सुरू झालेला उपरोक्त अभ्यासक्रम नावातच प्रगतही आहे आणि परिचयही, तरी मी तक्रार न करता ‘अ’ तुकडीला टिपणे सांगत आलो आहे. ‘ब’ तुकडी श्री. चंपतराव पराते यांच्याकडे आहे. ते उमरेडच्या विणकर घरातले, वयाने माझ्याहून बरेच लहान आणि एके काळी माझेच विद्यार्थी. त्यांना इतिहास मीच शिकवला, हे आता कोणी बोलत नाही.

२. माझी पत्नी सौ. जयवंता गेल्या वर्षी बाहेरून मॅट्रिक झाली आणि यंदा हट्टाने आपल्याकडे अकरावीला बसली. फॉर्म मी आणून दिला, रांगेत मी उभा राहिलो. तुकडी मात्र तिने ‘ब’ निवडली. कारण विचारले तर म्हणाली, “घरी तुम्हीच, कॉलेजातही तुम्हीच, मंग मी घराबाहेर पडली कुठं?” तेव्हा मी ते हसण्यावारी नेले.

३. श्री. पराते टिपणे देत नाहीत. दिवाळीच्या सुटीआधी पहिल्या महायुद्धाच्या तासाला त्यांनी घरच्या मागावरचे सूत आणले, एकेका विद्यार्थ्याला एकेक देश केले आणि ज्याचा ज्याच्याशी तह, त्यांना एकमेकांची मनगटे सुताने बांधायला लावली. मग ऑस्ट्रियाला सांगितले, दे सर्बियाला धक्का. एक हलला की दुसरा ओढला जाई, दुसऱ्यामागून तिसरा. बाके पडली, आरडाओरड झाली. मी शेजारच्या वर्गात त्याच युद्धाची सहा कारणे सांगत होतो. चौथ्या कारणापर्यंत माझी सगळी तुकडी खिडकीत उभी होती. सौ. जयवंता त्या वर्गात रशिया होती. तिच्या मनगटाची गाठ फ्रान्स झालेल्या कु. पुष्पलता हिने बांधली होती, अशी चौकशी करून मी खात्री केली आहे. त्यामुळे तेवढ्यापुरती माझी तक्रार नाही.

४. त्याच संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिने मला विचारले, “काहो जी, सर्बियाचं भांडण रशियानं काहून अंगावर घेतलं?” मी म्हणालो, कारण क्रमांक तीन, देशादेशांतील तह. ती म्हणाली, “ते पाठ आहे मले. पण काहून?” मी टिपणांची वही आणायला उठलो. तर म्हणते, “राहू द्या, पराते सरले विचारीन.” तेव्हापासून आमच्या घरी वरणात पराते सर आणि भाकरीत पराते सर. संसाराला इतकी वर्षे झाली, तिने माझ्या विषयातला एक शब्द मला कधी विचारला नव्हता. आता विचारते, तर उत्तरासाठी दुसऱ्याकडे जाते! महोदय, मला हेवा वाटतो. हा शब्द अर्जात शोभत नाही, हे मला कळते, पण दुसरा सापडला नाही.

५. सबब माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत :

(क) सौ. जयवंता हिला तात्काळ ‘अ’ तुकडीत आणावे.

(ख) ते जमत नसल्यास जगाची रीतसर वाटणी करावी. युरोप श्री. पराते यांनी ठेवावा. आशिया व आफ्रिका दोन्ही तुकड्यांना मी शिकवीन. दोन्ही अमेरिका आपण म्हणाल त्याला.

(ग) सूत, सुतळी, दोरी वगैरे वर्गात आणण्यास मनाई असावी.

६. तुकडी बदलायला विद्यार्थिनीची संमती लागते, म्हणून वरील मजकूर आज सकाळी मी तिच्यापुढे ठेवला. तिने तो उभ्याउभ्या पूर्ण वाचला. हसेल असे वाटले होते, हसली नाही. म्हणाली, “सही नाही करत मी. ‘ब’ मधीच बसीन. पण एक सांगा. इतकी वर्षं तुम्ही साऱ्या गावाच्या पोरायले जग शिकवून राहिले. मले एक देश तरी सांगितला का कधी?” आणि ती ओला पदर पिळत आत निघून गेली.

७. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला जगाचा नकाशा हवा आहे. महाविद्यालयात तो एकच आहे आणि कायम ‘ब’ तुकडीत टांगलेला असतो. तरी उद्या रविवारी तो घरी नेण्यास परवानगी मिळावी. सोमवारी प्रार्थनेच्या आत मी स्वतः तो जागेवर टांगीन. नकाशा मिळाल्यास परिच्छेद ५ मधील सर्व मागण्या मागे घेतल्या, असे समजावे. सुताची गुंडी मी येताना इतवारीच्या बाजारातून घेतली आहे. ही शेवटची बाब श्री. पराते यांना कळू नये, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र आणि उत्तरासाठी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसलेला,

(सही)
रुपराव श्रावणजी गावंडे
इतिहास विभाग

सोबत : विद्यार्थिनीचे संमतिपत्र – मिळाले नाही.