निळ्यावर क्रीम रंगाचे तीन हात

बाबा, तुमचा रोलर आज सापडला. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीमागे होता, गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेला. आम्ही घर बदलतोय, म्हणून सकाळपासून आई आणि मी सामान काढत बसलोय. कागद सोडवायला गेले तर अर्धाच सुटला, बाकीचा रंगाला चिकटून बसलेला. सात वर्षांत रोलर दगडासारखा कडक झालाय आणि त्याच्यावर सगळीकडे कारखान्यातल्या धाग्यांची तुसं आहेत, मेलेल्या जनावराच्या अंगावर राहिलेल्या केसांसारखी. तो हातात धरला आणि तेव्हा आली होती तशीच किळस पुन्हा आली. आई म्हणाली, "फेक तो." मी अजून फेकलेला नाही. शेजारी ठेवून लिहिते आहे.

टेम्पो आला तो दिवस मला नीट आठवतो. मिलमधून तुम्हाला कमी केलं, आणि दोनच महिन्यांत तुम्ही कुणाचा तरी जुना तीनचाकी टेम्पो घेऊन सुरतेत, डिंडोलीच्या आपल्या गल्लीत आलात. पत्रा कुजलेला, हॉर्न बसलेला. त्याच आठवड्यात तुम्ही तो ब्रशने निळा रंगवलात. हौद्याच्या मागच्या फळीवर पाट्या रंगवणाऱ्याकडून पांढरं चक्र काढून घेतलंत. कुणाला काही सांगायची गरजच राहिली नाही. अकोल्याकडून पोटासाठी इथे आलेला बौद्ध माणूस, त्याची स्वतःची गाडी, आणि ती निळी. सिग्नलला दुसऱ्या टोकाकडून कुणी हात वर करायचं आणि तुम्ही तो बसलेला हॉर्न दाबायचा प्रयत्न करायचात. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरात शाळेच्या पुढे गेलेली पहिली मुलगी. तुम्ही मला शिकवलेली एकच गोष्ट मी कॉलेजात मिरवायची: आपण कोण ते विचारायच्या आधी सांगायचं, आणि मान वर करून सांगायचं.

त्या मिठाईवाल्या शेठच्या दुकानासमोर मी तुमच्या शेजारीच बसले होते. मी तिसऱ्या वर्षाला, दसरा झालेला, चंदी पडवा चार दिवसांवर. सगळं सुरत त्या रात्री घारी, ती तुपात घोळवलेली माव्याची मिठाई, खाणार, म्हणून शेठला शहरभर डबे पोचवायला गाडी हवी होती. तेही एका दिवसापुरतं नाही, जमलं तर वर्षभराचं काम. शेठ फुटपाथवर आला, टेम्पोभोवती एक फेरी मारली, मागच्या फळीपाशी थांबला आणि हसतच परत आला. "गाडी मजबूत आहे, भाई. आदमी पण सारा, अच्छा आहे. बस, ये कलर निकाल दो. मेरे को कुछ नहीं, मी तसलं मानत नाही. पण पार्टी लोग पूछते हैं ना, मिठाई किस की गाडी में आई." त्याने हे इतक्या गोडीने सांगितलं की मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काहीतरी बोलाल असं वाटलं होतं. निदान गप्प तरी राहाल. तुम्ही म्हणालात, "हो शेठ." लगेच. जणू त्याने पाणी मागितलं होतं.

गॅरेजमध्ये फवाऱ्याने रंग मारून घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून तुम्ही घरं रंगवणाऱ्या शेजाऱ्याकडून भिंतीचा रोलर आणलात आणि कुठल्याशा बांधकामावर उरलेला क्रीम ऑइलपेंटचा डबा. टर्पेंटाइन महाग, म्हणून पातळ करायला स्टोव्हमधलं रॉकेल. तुम्ही कोणतंही काम मन लावून करायचात आणि हेही तसंच केलंत, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. आधी पॉलिश पेपरने निळा रंग घासलात, चक्र सगळ्यात जास्त वेळ घासलंत. मग रोलर बुडवून कागदावर निथळवायचा आणि एकाच दिशेने फिरवायचा, वरून खाली, पुन्हा वर न नेता. पहिल्या हाताला खालून निळा दिसत राहिला आणि सगळी गाडी शिळ्या दुधासारखी, पू झालेल्या जखमेसारखी दिसायला लागली. मी उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसलेले. तुम्ही म्हणालात, "बाई, जरासा डबा धर." मी धरला नाही. आईने धरला.

आपल्या गल्लीत रंगकाम करायचं ते कारखान्यांना सुट्टी असते त्या दिवशी, हे तुम्हालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. साड्यासुद्धा आपल्याकडे त्याच दिवशी धुऊन वाळत घालतात. पण सुट्टीला तीन दिवस होते आणि शेठला गाडी परवा हवी होती. समोरच्या कारखान्यात लूम धडधडत होते आणि खिडकीतला पंखा सगळी तुसं गल्लीत फेकत होता. रॉकेलमुळे रंग वाळेना. संध्याकाळपर्यंत गाडीवर मऊ पांढरी लव उगवली. समोरचा लूमवाला, धुळ्याकडचा, पाळी संपवून बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. "काय भाऊ, गाडीले केस उनात का?" गाडीला केस आले म्हणून सगळी गल्ली हसली. "आते न्हावीकडे लई जा तिले!" तुम्हीही हसलात. मग आईची सुई घेऊन तुम्ही एकेक तूस उचलायला बसलात. तेल लागलेल्या पत्र्यावर वाकलेली तुमची पाठ मला अजून दिसते. मला तिची दया यायला हवी होती. ती आली नाही, आणि खोटं कशाला लिहू, आजही पूर्ण येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग तिसरा. रंगवलेल्या पत्र्यावर संत्र्याच्या सालीसारख्या पुटकुळ्या उठलेल्या. आणि मग तुम्ही दार उघडून रोलर आत नेलात. केबिनच्या आत, जिथे शेठ पाहणार नव्हता आणि त्याची पार्टीही पाहणार नव्हती, तिथलाही निळा तुम्ही झाकायला लागलात. तेव्हा मला राहवलं नाही. "आतला तरी ठेवायचा होता," मी म्हणाले. तुम्ही मान वळवली नाही. "अर्ध्या रंगवल्या गाडीकडे लोकं जास्त पाह्यतेत, बाई."

पडव्याच्या दुसऱ्या दिवशी शेठने तुम्हाला घारीचा डबा दिला. दिला म्हणजे काय, दुकानाच्या ओट्यावर ठेवला आणि बाजूला झाला. तुम्ही उचललात. हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत, जेवताना, तक्रार नाही, नुसतं सांगायचं म्हणून. स्वयंपाकाच्या ओट्यावर आईने डबा उघडला. वरचं तूप गोठून मेणासारखं पांढरं झालेलं, एका कडेला मुंग्या. आईने मुंग्या फुंकून माझ्या ताटलीत एक घारी ठेवली. मी ताटली सरकवली आणि म्हणाले, "मला किळस येते. घारीची नाही. तुमची." तुम्ही माझी ताटली ओढून घेतलीत, घारी मोडलीत आणि सावकाश सगळी खाल्लीत. बोटं चाटलीत. "तूप चांगलं आहे," म्हणालात. त्यानंतर त्या विषयावर आपण दोघं कधीच बोललो नाही. मी घारी खाल्ली नाही, पण परीक्षेचा फॉर्म त्याच गाडीच्या कमाईतून भरला, हे मला त्या वेळी एकदाही आठवलं नाही. निकाल लागला तेव्हा तुम्ही एसटीडी बूथवरून गावाकडे फोन करून "बीए, बीए" असं ओरडत होतात. पुढच्या हिवाळ्यात काविळीने तीन आठवड्यांत गेलात. शेवटी शेवटी तुमचे डोळे पिवळे झाले होते आणि मी तुमच्या उशाशी बसून होते, पण ते वाक्य परत घेतलं नाही. आजारी माणसाला नको ते कशाला आठवून द्या, असं मी स्वतःला सांगितलं.

आता मी शिकवते. नदीच्या पलीकडे, मराठी शाळेत. पहिल्या दिवशी मी प्रत्येक पोराला उभं करते आणि पूर्ण नाव सांगायला लावते, आडनावासकट. आवाज खाली गेला की पुन्हा सांगायला लावते. त्यांना वाटतं बाई कडक आहेत. आईला या गल्लीतली तुसं सोसत नाहीत, दम लागतो, डॉक्टर म्हणाले इथून हला. म्हणून परवा शाळेजवळ एक खोली पाहायला गेलो. स्वच्छ, उजेडाची, समोर कारखाना नाही. घरमालकीण चांगली वाटली. पाणी दिलं तिने, हातात दिलं. मग गोड आवाजात विचारलं, "बेन, तमे मराठी एटले केवा मराठी?" मराठी म्हणजे कसले मराठी. आईने माझ्याकडे पाहिलं. तुमच्याकडे मी पाहिलं होतं ना त्या दिवशी, अगदी तसंच. तिला वाटलं असेल, आपली शिकलेली मुलगी आता सांगेल.

मी हसले आणि शेजारच्या एका बाईंचं आडनाव आपलं म्हणून सांगितलं. लगेच. विचार करायलाही वेळ लागला नाही. घरात फोटो कुणाचे, असं तिने विचारलं तेव्हा म्हणाले, देवांचेच. तुम्ही रोज उदबत्ती लावायचात त्या दोन तसबिरी आज सकाळी मी माझ्या जुन्या साडीत बांधून पेटीच्या तळाशी ठेवल्या आहेत. आणि तेवढ्यावर थांबता आलं असतं, बाबा. बाई समाधानी दिसत होती, चाव्या हातात घेऊन उभी होती. पण अर्धवट ठेवलं तर ती जास्त पाहील असं वाटलं, म्हणून आतलंही रंगवलं. म्हणाले, "माझी आई एकादशी करते."

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं रडते आहे. नदी ओलांडल्यावर ती म्हणाली, "एकादशी कधी असते ते लिहून दे मले. विचारलं तं काय सांगू?"

हे पत्र रोलरच्याच कागदात गुंडाळून ठेवेन, दुसरीकडे पाठवायला जागा नाही. ते वाक्य आता परत घेते असंही लिहिणार होते. पण त्याआधी एक सांगायचं राहिलं. काल मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पाहिलं. पुढची एकादशी गुरुवारी आहे. आईला दिसावी म्हणून मी त्या तारखेभोवती पेनने गोल केला आहे.