एकशे बारा अपडेट, एकच सीडी

३ मार्च, सकाळी १०
मुख्य कार्यालयाचं पत्र. महिनाअखेर खात्यातला प्रत्येक कॉम्प्युटर अद्ययावत हवा. आमच्या पंपहाउसात एकच आहे. गावच्या पाण्याचे व्हॉल्व्ह कधी आणि किती उघडायचे ते तोच ठरवतो. अकरा वर्षं एकदाही बंद नाही. त्याची सिस्टिम बनवणाऱ्यांनीच तिला केव्हाच वाऱ्यावर सोडलंय. इंटरनेट नाही. म्हणजे काम अवघड. म्हणजे माझं.
संकल्प: सगळे जुने अपडेट घरी उतरवायचे, एका सीडीत बांधायचे, एका क्लिकवर बसवायचे.
पंपमनला सांगितलं. म्हणाला, चालतोय ना साहेब, मग त्याच्याकडे बघूसुद्धा नका. अडाणी.

६ मार्च
एकशे बारा सापडले. कुठला आधी, कुठला नंतर, याला फार महत्त्व असतं म्हणे. तारखेनुसार लावले. काहींवर तारीख नव्हती, ते शेवटी कोंबले.
बायको म्हणाली, पान वाढून अर्धा तास झाला, सीडीवर घालून देऊ का?

९ मार्च, रविवार
तिथली डिस्क चिमुकली, मावेना. कारण सापडलं. प्रत्येक अपडेट जुन्या फायलींची प्रत ठेवतो, माघार घ्यायची झालीच तर. ती सोय बंद केली. माघार कोण घेतोय?
मधले प्रश्नही काढले. ‘पुढे जायचं का?’, ‘रद्द करायचं का?’ वगैरे. पॅकेज आता कुणाला काही विचारत नाही. बायको म्हणाली, बापावर गेलंय.

१२ मार्च
बायकोच्या जुन्या लॅपटॉपवर चाचणी. नव्वद टक्के यशस्वी. उरलेले दहा टक्के म्हणजे तो आता सुरू होत नाही. हार्डवेअरचा दोष. चादरींखाली ठेवलाय.

१४ मार्च
ताईचा फोन. ती टेकडीवरच्या प्रसूतिगृहात मुख्य नर्स. पंपमनने चहाडी केलेली दिसते. म्हणाली, माझ्याकडे पाणी सगळ्यात शेवटी येतं आणि सगळ्यात आधी जातं. लहानपणी तू घड्याळ खोललंस, रेडिओ खोललास, आई हसली. इथे बाळं जन्माला येतात रे, याला हात लावू नकोस.
सांगितलं, एक क्लिक आहे फक्त. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१७ मार्च, सकाळी ११
सीडी घातली. क्लिक. पंपमन बाहेर जाऊन उभा राहिला.

११.२०
चौदा झाले. कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला. हे माझ्या योजनेत नव्हतं, पण करताना चांगला ठाम वाटला. तो बंद पडला की व्हॉल्व्ह मिटतात, उठला की उघडतात.

११.५०
पाचव्यांदा. भिंतीतले पाइप ठोके देतायत. आत कुणाला तरी कोंडल्यासारखे. पाइप जुने झालेत. पत्र लिहायला हवं.

१२.३०
एकसष्ट. ठोके थांबले. छान शांत वाटतंय. पंपमन आत आला. म्हणाला, सगळे व्हॉल्व्ह मिटलेत.

१.१५
स्क्रीन काळी. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, म्हणजे जिवात जीव आहे. रद्द करायची सोय शोधली. ती मीच काढलीय.

२.००
ताई फोनवर. टाकीत तासाभराचं पाणी, दोघी बायका टेबलावर. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

१८ मार्च
काल काकांनी (म्हणजे पंपमनने) व्हॉल्व्हची चाकं हातांनी फिरवली. टेकडीवर पाणी साडेतीनला पोचलं. मधला अर्धा तास बादल्यांवर. बाळं सुखरूप, बाळंतिणीही. ताई घरी येऊन बायकोशी बोलली, आईशी बोलली. मी समोरच बसलो होतो.
कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा ते आकडे फक्त कॉम्प्युटरात होते. जास्त उघडला तर खालची लाइन फुटते, कमी उघडला तर टेकडी कोरडी. काका पाइपाला कान लावून उघडतात. पाणी चढाला लागलं की आवाज बदलतो म्हणे.
नवा कॉम्प्युटर तीन महिन्यांनी. काका परवा निवृत्त होतायत, तसं पत्र आलं होतं. अपडेटच्या गडबडीत वाचायचं राहिलं. चाकं कुणी फिरवायची, हे मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी मला विचारलंसुद्धा नाही. सांगितलं.

२० मार्च, संध्याकाळी ५
काकांनी शेजारी बसवलं. चाक सावकाश फिरवलं, थांबले. म्हणाले, आता ऐका, चढतंय बघा.
कान लावला. गार लोखंड. बाकी काही नाही.
आलं का ऐकू, त्यांनी विचारलं. हो म्हणालो. माझ्या तोंडाकडे बघत पुन्हा विचारलं. पुन्हा हो म्हणालो.
त्यांनी किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या. पहिलं पाणी सकाळी सहाला.