बावीस तास, एक थांबा

प्रिय घाईबाई,

आज दुपारी मामाच्या तिकीट ऑफिसात एका आजींनी विचारलं, नातवाकडे पोचायला विमानाला किती वेळ लागतो, आणि तिथेच माझ्या पायाखालची जमीन सरकली. शहर तेच, तू गेलीस ते. मी ऐटीत, स्क्रीनकडे न बघताच सांगितलं, सकाळी बसलात की रात्री पोचाल आजी, आमचं माणूस गेलंय तिथे. आतून मामा म्हणाला, "बघून सांग रे, शहाण्या." बघितलं. अंतर अकरा हजार किलोमीटरच्या वर. थेट विमान नाहीच. मध्ये उतरायचं, दुसरं पकडायचं, सगळे मिळून बावीस तास. तारीख बदलली, कंपनी बदलली, बावीसच्या खाली काही येईना. आणि तू? सकाळी मी तुला विमानतळाच्या दारात सोडलं आणि त्याच रात्री, मी जेवायला बसलो असताना, तुझा फोन आला होता, "पोचले रे, काळजी करू नको."

आजींचं तिकीट शेवटी मामानेच काढलं. मी पाण्याच्या पिंपाशेजारी नुसता उभा. मामाने माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली आणि हसायलाच लागला. म्हणाला, आपण रात्री जेवायला बसतो तेव्हा तिकडचे लोक दात घासत असतात, मग ती रोज फोनवर तुझ्याबरोबर रात्रीचं जेवते कशी? खरंच गं, तीन महिने हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आधी वाटलं, फसवलंस, दुसरं कुणीतरी असणार. स्टेपलर भिरकावणारच होतो, मामाने हात धरला. मग आठवला भोंगा. आपण बोलत असताना इथल्या कारखान्याचा भोंगा व्हायचा; माझ्या खिडकीत तो लांबून यायचा, पण फोनमध्ये इतका मोठा यायचा की तुझा शब्द ऐकू येईना. मला वाटायचं, माझ्याच खिडकीतला आवाज फिरून येतोय. कारखान्याच्या भिंतीला लागून घर कुणाचं आहे? तुझ्या मावशीचं.

तडक तुझ्या दादाच्या शिलाईच्या दुकानात गेलो, भांडायलाच. त्याने मशीन थांबवलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि सरळ सांगून टाकलं, की कागद अपुरे म्हणून तुला विमानतळाच्या आतल्या काउंटरवरूनच परत पाठवलं. मग मला का नाही सांगितलं म्हणून मी ओरडलो, तर शांतपणे म्हणाला, "कुठल्या तोंडाने सांगणार ती? त्याच दारात तू तिला ऐकवलंस ना, की तुझ्यामागे यायचं म्हणून मी कॉलेज सोडलं?"

केवढ्या फुशारकीने सांगितलं होतं मी! तू हसली नाहीस, बॅगेचा दांडा तेवढा घट्ट धरलास. मला वाटलं, निरोपाचं वाईट वाटतंय.

हे पत्र टपालात टाकणार नाही. समोर आलो की मी आधी भडकणार, तू रडणार आणि मुद्द्याचं राहून जाणार, म्हणून सगळी आग इथेच ओतून घेतली. मावशीच्या दाराखालून हे सरकवीन आणि जिन्यात बसून राहीन. कॉलेज मी सोडलं, तू सोडायला लावलं नाहीस, एवढंच सांगायचंय. दार उघड. नाही उघडलंस तर उद्या पुन्हा येईन. बसने चाळीस मिनिटं लागतात, सगळे थांबे धरून. ऑफिस बंद करायला मामा किल्ली हलवत उभा आहे. कागद खिशात घालतो, बाहेर पडतो आणि हे दार ओढून घेतो.

तुझाच,
काडेपेटी