फासळीत तुटलेलं टोक

प्रिय छकुले,

हे पत्र वकीलसाहेबांच्या हाती देतोय. टपालानं जाणारं प्रत्येक पत्र आधी जेलर वाचतो. वाचून झालं की फाडून टाक. आणि जेवत जा वेळेवर.

काल कोर्टात कबुली दिली. मला वाटलं होतं, गुन्हा कबूल म्हणायचं, शिक्षा घ्यायची, विषय संपला. पण न्यायाधीशबाई भलत्याच चिवट. कबुलीची सक्ती नाही, जन्मठेप होऊ शकते, कुणी धमकावलंय का, सगळं दोन-दोनदा विचारलं. मी आपला मान डोलावतोय. मग चष्मा काढून म्हणाल्या, आता पाठ केलेलं नको, मेहुण्याला कसं मारलंत ते तुमच्या शब्दांत सांगा.

इथंच गोची झाली. रागात सपासप वार केले, एवढंच सांगायचं ठरवलं होतं. पण बावीस वर्षं खाटकाचं काम केलंय, मारायचं म्हटलं की आधी हातच बोलायला लागतो. सांगून बसलो, मागून धरला, मान वळवली, कानाखाली सुरी घातली, एकदाच, हाडाला धक्कासुद्धा नाही. टाइप करणाऱ्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. न्यायाधीशबाईंनी शवविच्छेदनाचा अहवाल पुढे ओढला. म्हणाल्या, चौदा वार आहेत, सगळे पुढून. नऊ हाडावर अडकलेत, दोन तळहातातून आरपार, सुरीचं टोक फासळीत तुटलंय. आणि तुझा शहाणा भाऊ काय म्हणाला? बाई, माझी सुरी आजवर कधी हाडात तुटलेली नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. वकीलसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

खरंच गं, मी वार मोजलेच नव्हते. त्या दुपारी आलो तेव्हा तू ओट्याला टेकून बसली होतीस, ती भाजीची बोथट सुरी मुठीत. एकेक बोट उचकटून सोडवावी लागली. तो दाराशी उताणा पडलेला, शर्टाचा नुसता लगदा. इस्त्री चालूच होती आणि तिला तुझ्या पाठीची कातडी चिकटलेली. तुला मोरीत ढकललं, सुरी मी घेतली, पोलिसांना फोन केला. इस्त्री मात्र कपाटात कोंबली, तुझ्यावर संशय नको म्हणून. वकीलसाहेब म्हणतात, तुला वाचवणारी एकच वस्तू होती आणि नेमकी तीच मी लपवली.

बाईंनी कबुली फेटाळली. सांगितलेली हकीकत पुराव्याशी जुळत नाही, असं लिहून घेतलं. आता पुन्हा तपास होणार, म्हणजे आज-उद्या ते तुझ्या दारात उभे राहतील. त्याआधी तूच जा. वकीलसाहेब सोबत येतील. पाठ दाखव, इस्त्री दाखव, तो दुसऱ्यांदा ती घेऊन अंगावर आला तेव्हा हाताला लागलं ते उचललंस, हे सांग. जीव वाचवायला उचललेल्या हाताला कायद्यात जागा आहे म्हणतात. बाई घाई करणार नाहीत, तूही करू नकोस.

माझी एक कबुली राहिली आहे, ती तुझ्यापाशीच देतो. तू तीनदा दुकानात आली होतीस. एकदा ओठ फाटलेला, एकदा बोट मोडलेलं, एकदा नुसतीच थरथरत. तिन्ही वेळा मी हात पुसत म्हणालो, घे जरा समजुतीनं, आणि तुला परत पाठवलं. हे मला कोर्टात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सगळं बिनचूक सांगता आलं असतं.

तुझाच,
दादा