एकीकडं कललेले तारे

३ नोव्हेंबर, सोमवार
आज एकशे ऐंशी फोटो. सगळे आकाशाचे, सगळे काळे. काम सोपं — एखाद्या ताऱ्याच्या झगमगाटानं शेजारच्या दीर्घिका झाकल्या असतील तर त्यावर पट्टी मारायची, उपग्रहाची रेघ दिसली की ती पुसायची, बाकी ठीक असेल तर ‘ओके’. साफ केलेले फोटो पुण्याला शेखर सरांच्या गटाकडे जातात. ते त्यातून विश्वाचं वजन काढतात म्हणे. आणि मी मखमलाबादच्या घरात बसून विश्वाची झाडलोट करते! कंत्राट महिनाअखेर संपतंय. वाढेल?

५ नोव्हेंबर
आई शेवंती बाजारात देऊन आली आणि मागे उभी राहून बघत बसली. एवढं शिकून डाग पुसतेस होय, असं विचारलं. मी पुढचा फोटो उघडला.

७ नोव्हेंबर
आज आई खुर्ची ओढून शेजारीच बसली. चहा, खारी. मी ओके, ओके करत सुटले होते. तिनं हात धरला.

“थांब. हे सगळे एकीकडं कललेत.”

फोटोत ताऱ्याचा ठिपका गोलच येतो, मी समजावलं. भिंग, आरसा, प्रकाश — अर्धा तास भाषण! तिनं सगळं ऐकून घेतलं.

“येत असंल गोल. पण वारं लागल्यावर वाफा कसा दिसतो, ते मला नको सांगू.”

आणि गेली शेवंतीला पाणी द्यायला.

८ नोव्हेंबर
मापून पाहिलं. बरोबर आहे तिचं! एका अख्ख्या रात्रीचे तारे लांबट, सगळे एकाच दिशेला. वाऱ्यानं दुर्बीणच हलली असणार. आणि सर तर दूरच्या दीर्घिकांमधला असाच बारीक कल शोधतायत — न दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीनं आलेला. म्हणजे वाऱ्यालाच विश्व समजून बसलो असतो. त्या रात्रीच्या दोनशे बारा फोटोंना मी ओके दिलंय. बोंबला.

१० नोव्हेंबर
सरांना फोन केला. चूक सांगून टाकली. ते म्हणाले, चार दिवसांत शोधनिबंध पाठवणार होतो, वाचलो. कुणाच्या लक्षात आलं, असं विचारलं.

“माझ्या,” मी म्हणाले.

निघूनच गेलं तोंडातून.

१२ नोव्हेंबर
गटाच्या मीटिंगमध्ये माझं कौतुक. टाळ्यासुद्धा. आईनं आत्याला फोन करून सांगितलं, हर्षालीनं मोठी चूक पकडली म्हणून. तिला खरंच तसं वाटतं — आपण नुसतं बोट दाखवलं, पकडलं पोरीनं. मला जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर
सरांना मेल. चारच वाक्यं. ते माझ्या नाही, आईच्या लक्षात आलं. ती शेवंती पिकवते. मी खोटं बोलले. माफ करा.

पाठवली, आणि लॅपटॉप मिटून सरळ वाफ्यात जाऊन बसले. आई खुडत होती. तिलाही सगळं सांगितलं. तिनं खुडणं थांबवलं नाही.

“एवढ्यासाठी उपाशी झोपलीस काल?”

१७ नोव्हेंबर
सरांचं उत्तर आलं. माझं कंत्राट मार्चपर्यंत वाढलं. आईलाही फोटो बघायचं कंत्राट दिलंय. तिचं वर्षाचं आहे.