काळ्या पलटणीची वाटणी

मृत्युपत्र लिहून ठेवणार : बाजीराव सखाराम अहिवळे, वय वर्षे त्र्याहत्तर, धर्म बौद्ध, पूर्वीचा धंदा चित्रकला शिक्षक, सध्याचा धंदा घरच्यांच्या मते काही नाही, राहणार एमआयडीसी रस्ता, बारामती, जिल्हा पुणे.

कारणे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे, आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नी चतुराबाई शेजारी बसून "उरका लवकर, भाकरी गार हुतीया" असं म्हणत आहे, पण वकिलांच्या मते हा दबाव कायद्यात बसत नाही. फक्त माझा उजवा हात थरथरू लागला आहे. सही जमते, ब्रश जमत नाही. म्हणून मृत्युपत्र करण्याची वेळ आली असं मी समजतो.

घर आणि जमीन यांची मला फारशी काळजी नाही. ती सांभाळायला सगळेच टपून आहेत. काळजी आहे ती माडीवरच्या खोलीतल्या काळ्या पलटणीची, आणि त्यातही एका सरदाराची. पलटण म्हणजे बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक, अंगावर काळं चिलखत, आणि त्या चिलखतातून भुताटकीचा हिरवा उजेड फाकतोय असे मी रंगवलेले. चिरंजीव सुमित यांनी पुण्याहून हौसेनं खोकं आणलं, अर्धा सैनिक रंगवला आणि हौस फिटली. मी नुकताच निवृत्त झालो होतो. आयुष्यभर पोरांकडून फुलदाणीची आणि केळ्यांची चित्रं काढून घेतलेल्या माणसाच्या हाती भूत लागलं, ते सुटलं नाही.

कलम पहिले. राहतं घर चतुराबाईच्या हयातीपर्यंत तिचं, नंतर सुमित आणि कन्या पिंकी यांचं समान. माडीवरची खोली एमआयडीसीतल्या कामगारांना भाड्यानं द्यायचा सुमितचा विचार आहे. माझा बारावा होईपर्यंत थांबावं, असं सुचवलं असतं, पण आपल्यात बारावा नसतो हे तो लगेच दाखवून देईल. सबब खुशाल द्यावी.

कलम दुसरे. पिंपळीत मी घेतलेली वीस गुंठे जमीन पिंकीला. लेक कन्हेरीला दिलेली आहे, नवऱ्याच्या बरोबरीनं भाजीपाला पिकवते, तिला मातीची जाण आहे. बँकेतली ठेव सुमितला, त्याला ठेवीची जाण आहे.

कलम तिसरे. माझे सर्व ब्रशही पिंकीला, झिरो नंबरचा सोडून. तो चतुराबाईनं शिलाई मशीनमधली धूळ काढायला घेतला, तो परत मागण्याची माझी छाती नाही. तो तिलाच मिळाला असं धरावं.

कलम चौथे. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ इंदापूर तालुक्यातल्या त्याच शाळेला परत करावं. ज्या मुख्याध्यापकांनी माझा चित्रकलेचा तास कायम गणिताला दिला, त्यांनीच निरोप समारंभात "कलेशिवाय जीवन व्यर्थ" असं भाषण केलं होतं. घड्याळ त्यांच्या खुर्चीसमोर लावावं. ते माझ्याकडे आल्यापासून बंद आहे.

कलम पाचवे. आता पलटणीविषयी. वारसांना कळावं म्हणून सांगतो की यात कसलंही यंत्र नाही. हिरवा उजेड म्हणजे पाण्यात पातळ केलेला रंग. जिथून उजेड निघतो तिथं पांढऱ्याचा ठिपका, त्याभोवती पोपटी, मग हिरवा, मग नुसता हिरव्याचा भास. आणि उजेडाकडे पाठ केलेली प्रत्येक बाजू काळीच ठेवायची. सगळी अक्कल या काळं ठेवण्यात आहे. हात शिवशिवतो, पण आवरावा लागतो. चतुराबाईनं पहिला सैनिक पाहिला तेव्हा ती म्हणाली, "आवो, ह्याला शेवाळ धरलंय. घासू का?" पुढे ती "छान हाय" म्हणू लागली. ती माझ्या भाषणांनाही छान म्हणते, त्यामुळे मी ते मोजलं नाही.

विहाराच्या समितीतल्या एका सभासदानं मला विचारलं होतं, "गुरुजी, आपन भूत मानत न्हाय, मग तुमी भुतं कशाला रंगवताय?" त्यांना तेव्हा चहा दिला, उत्तर आता देतो. भूत मानत नाही म्हणूनच निवांत बसून रंगवता आलं. मानणाऱ्यानं खोकं उघडलं नसतं.

कलम सहावे. माझ्या सत्तरीला सुमितनं मला न सांगता पलटणीची पुढची रांग गाडीच्या नंबरप्लेटला रेडियम लावणाऱ्या एका दुकानात नेली. दुकानदारानं सैनिकांना डोक्यापासून बुटापर्यंत, पुढून, मागून, अंधारात चमकणारा रंग फासला. केक कापल्यावर सुमितनं दिवे घालवले आणि म्हणाला, "बघा बाबा, आता खरंच चमकतंय. एवढी वर्षं उगाच डोळे फोडले." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पोरानं प्रेमानं केलं होतं, त्यामुळे धड रागावताही आलं नाही, आणि ते दुःख मला आजही आहे. चहूकडून उजेड आला की चिलखत कुठलं आणि भूत कुठलं, नुसती चमकणारी गोळी दिसते.

ही रांग सुमितला द्यावी. वीज गेली की संडासाची वाट दाखवायला उपयोगी पडेल.

सरदार तेवढा वाचला, कारण तो वाळण्यासाठी स्टीलच्या डब्यात झाकून ठेवला होता. त्याच्या उजव्या हातात कंदील आहे. कंदिलाचा हिरवा उजेड त्याच्या हनुवटीवर खालून पडतो, छातीवर येतो आणि झग्याच्या काठाशी विझतो. डावा खांदा रंगवायचा होता, तेवढ्यात हात थरथरू लागला. तो तसाच काळा राहू द्यावा. उजेड तिथवर पोचला नाही असं समजावं. सुमित अजूनही म्हणतो, "बाबा, एकच राहिलाय, त्यालाही लावून आणतो." माझे डोळे मिटल्यावर तो डबा उघडेल, या एका भीतीपायी मी वकिलाची पायरी चढलो.

कलम सातवे. सरदार कोणाला द्यावा. वाचून घरात भांडण होईल, त्याला माझी हरकत नाही.

माझे मेहुणे, म्हणजे चतुराबाईचे धाकटे बंधू मानसिंगराव, इंदापुरात मंडप आणि लायटिंगचा धंदा करतात. पिंकीच्या लग्नात स्टेजमागचा पडदा मी रंगवला होता, त्यावर पहाट होती. मानसिंगरावांनी त्यावर असे हॅलोजन सोडले की पहाटेची भर दुपार झाली. मी बोललो, तर चारचौघांत म्हणाले, "दाजी, उजेडाचं काम दिव्यानं करावं, ब्रशानं न्हाय." त्यानंतर कित्येक वर्षं आम्ही एकमेकांशी चतुराबाईमार्फत बोललो. एकाच पंगतीला जेवायला बसलो तरी मीठ तिच्याकडूनच मागायचो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला ते आमच्या गच्चीवर माळा लावायला आले. वायर ओढायला माडीवरच्या खोलीत गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत, म्हणून मी वर गेलो. भरदिवसा, उघड्या खिडकीपाशी मानसिंग सरदाराला हातात धरून उभा होता. कंदिलावर त्यानं तळहाताची सावली धरली, काढली, पुन्हा धरली. मग सरदार उलटा केला, तळ नखानं खरवडला, कानाशी नेऊन हलवला.

"दाजी, ह्याचं बटण कुठं हाय?"

"बटण न्हाय."

"मग सेल कुठनं घालायचा?"

ज्या माणसाचा जन्म बल्ब लावण्यात आणि काढण्यात गेला, तो मला सेल विचारत होता. मी खाली पडलेली वायर गुंडाळू लागलो. बोललो असतो तर रडू फुटलं असतं. माझ्या गप्प बसण्याचा त्यानं त्याच्या परीनं अर्थ लावला आणि म्हणाला, "चायनाचा दिसतोय. चार दिसांत बसंल."

तेव्हापासून तो बारामतीला आला की चपला काढायच्या आधी विचारतो, "चाललाय व्हय अजून?" वर जातो, डबा उघडतो, बघतो आणि मान हलवत खाली येतो. आम्ही आता मीठही थेट मागतो.

सबब सरदार डब्यासह मानसिंगला द्यावा. हे कलम त्याला कोणी वाचून दाखवू नये. मृत्युपत्राची अंमलबजावणी पिंकीकडे आहे. तिनं डबा हातात द्यावा आणि "मामा, बाबांनी दिलाय" एवढंच म्हणावं. सुमितनं त्याला रेडियमचं दुकान सुचवू नये.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार त्याला साक्षीदार करू नये, असं वकील म्हणाले. मानसिंग सहीसाठी इस्त्रीचा सदरा घालून सकाळीच इंदापूरहून आला होता. त्याला नको म्हणालो. तो खाली ओट्यावर फुगून बसला आहे आणि पुन्हा चतुराबाईमार्फत बोलू लागला आहे. "तुमच्या नवऱ्याला म्हणावं, सख्ख्या मेहुण्यापरास शेजारी जवळचा झाला," असा निरोप आत्ताच वर आला. हा अपमान त्यानं माझ्या मरणापर्यंत सोसावा, ही विनंती.

आणि माझ्यामागं कधी त्यानं फोन करून सांगितलं, की अजून चाललाय, तर घरातल्यांनी हसू नये. "चालंल की मामा, चांगला सेल हाय," असं म्हणावं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुढे करण्याइतका हात राहील असं वाटत नाही. खालची सही वाकडी असली तरी माझीच आहे, आणि ती मी साक्षीदारांसमोर व त्यांनी त्यांची माझ्यासमोर केली आहे.

(सही) बाजीराव सखाराम अहिवळे

साक्षीदार :
१. (सही) ज्योत्स्ना साबळे, निवृत्त मराठी शिक्षिका, बारामती. शुद्धलेखन तपासलं आहे, मजकुराशी सहमत असेनच असं नाही.
२. (सही) बिरदेव कोकरे, शेजारी, बारामती.

ठिकाण : बारामती
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५