बाण कोणी काढले

बाबा, काल तुमच्या पणतीने संगणकावर दोन छापील शब्दांमध्ये बाण काढून दाखवला. बोट ओढलं की झालं. मला कौतुक वाटायला हवं होतं. आला तो राग, आणि तिचा नव्हे.

युद्धाची वर्षं होती. तुम्ही नगरच्या छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचात, मी कॉन्व्हेंटच्या वरच्या वर्गात. पाद्रीसाहेबांच्या व्याकरणाच्या पुस्तकात कोणता शब्द कोणत्या शब्दाशी बांधलेला आहे ते दाखवायला बाण हवे होते. तुम्ही पितळी पट्ट्या वाकवून ओळींच्या मध्ये बसवल्यात. उभा जन्म उलटी अक्षरं जुळवलीत आणि बाण तेवढे सुलटे लावलेत. छापल्यावर सगळे भलत्याच दिशेला धावले. मी हसले, तर म्हणालात, "हसती काय? तू काढ मग."

रविवारी चर्चहून आल्यावर आई निवडायची डाळ बाजूला सारते. पाटावर बाणांची जागा सोडून छापलेलं पान. चांगला कागद मिळत नाही, म्हणून प्रत्येक पानाची प्रत एकच. वाटीची कड धरून मी काळ्या शाईने कमान ओढते, तिला टोक काढते. तुम्ही ओल्या रेघेवरून बोट फिरवता, न टेकवता. त्या पानांचे पुण्याला ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, झाले.

पुस्तक आल्यावर साहेबांनी विचारलं, बाण कोणी काढले? दुसरं पुस्तक त्यांना त्याच हाताकडून हवं होतं. तुमचा डबा घेऊन मी छापखान्याच्या दारातच उभी होते.

"घरीच काढून घेतले, साहेब," तुम्ही म्हणालात. जसे पापड लाटून घ्यावेत. वर दुसऱ्या पुस्तकाला सवड नाही म्हणून सांगितलंत. ते काम पुण्याला गेलं.

संध्याकाळी आईने भाकरी थापता थापता तुम्हाला विचारलं, "पोरीनं घरात बसूनच काढलं न्हवं? मग दुसरं बी घरात आनायचं."

"साहेब उद्या म्हनंल, तिला छापखान्यात धाडा. बाप्यांत बसवू काय तिला?"

आमच्या नन्सपुढे बसलेली मुलगी तुमच्या बाप्यांना भ्यायची नव्हती, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं.

पुढे मी मास्तरीण झाले. नोकरीभर फळ्यावर बाण काढले, तास संपला की पुसले. छापले गेले ते त्या पहिल्या पुस्तकातले तेवढेच.

हे पत्र पाठवायचं नाही, म्हणून सांगते. माझं नाव घेतलं नसतंत तरी चाललं असतं, बाबा. दुसरं पुस्तक घरी आणायला हवं होतंत.